मानवंदना फक्त बंदुकीलाच का?

गेल्या १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देऊन आम्ही परतीच्या वाटेला लागलो होतो. पुस्तकांच्या स्टॉलजवळ गर्दीतून एक वयोवृद्ध गृहस्थ पुढे आले. ऐंशीच्या घरातले, पांढरा सदरा, डोक्यावर निळी टोपी, सोबत विशीतला नातू. सकाळी एका छोट्या सभेत आमची ओळख वकील म्हणून करून दिली गेली होती, ती त्यांच्या कानावर पडली असावी. "जयभीम वकीलसाहेब, एक कागद वाचून द्या," असे म्हणून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून चार घड्या घातलेला एक कागद काढला. घड्यांवर तो फाटायला आला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या वडिलांना फौजेतून मोकळे करताना दिलेला तो दाखला होता. इंग्रजीत होता. आजवर ज्याला ज्याला दाखवला त्या प्रत्येकाने म्हणे एवढेच सांगितले की मिलिटरीचा कागद आहे, जपून ठेवा.

आम्ही वाचला. नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा. जातीच्या रकान्यात जात. नोकरी साडेतीन वर्षे. कुठे होते तर बर्मा. वर्तणूक चांगली. आणि हुद्द्याच्या जागी एकच शब्द होता, स्वीपर.

बाबा आमच्या तोंडाकडे बघत होते. नातवाने मोबाईल पुढे धरला होता, पणजोबांच्या पराक्रमाचे वाचन त्याला रेकॉर्ड करायचे होते. "माझे वडील शिपाई होते ना साहेब?" बाबांनी विचारले.

वकिलीच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात, कागदात जे नाही ते वाचायचे नाही. पण त्या दिवशी, त्या जागी, स्तंभ समोर दिसत असताना आमची जीभ अडखळली हे आम्ही कबूल करतो. आम्ही म्हणालो, "बाबा, तुमचे वडील बर्माच्या लढाईत साडेतीन वर्षे फौजेसोबत होते. सफाईच्या कामावर होते." नातवाने मोबाईल खाली घेतला. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाव लिहिलंय ना पण?" आम्ही म्हणालो, लिहिलंय, बापाच्या नावासकट लिहिलंय. त्यांनी कागदाची होती तशी घडी घातली, पिशवीत ठेवला आणि जयभीम करून ते गर्दीत मिसळले.

तो खाली गेलेला मोबाईल आमच्या डोळ्यांपुढून जात नाही. त्या पोराचा दोष नाही. त्याला आम्हीच शिकवले आहे की पूर्वज म्हणजे बंदूकधारी पूर्वज. गेली कित्येक वर्षे आमच्या व्यासपीठांवरून, आमच्या लेखांतून, आमच्या गाण्यांतून आम्ही पाचशे शूरवीरांची गाथा सांगत आलो. ती सांगितलीच पाहिजे. पण ती सांगताना आमच्याच घरातल्या दुसऱ्या एका पूर्वजाला आम्ही मागच्या दाराने बाहेर काढले काय, हा प्रश्न आज विचारायची वेळ आली आहे.

आधी स्तंभाकडेच पाहू. १ जानेवारी १८१८ ची लढाई आणि १८२१ साली पायाभरणी झालेला तो स्तंभ. त्यावर कंपनीच्या फौजेतील मृतांची ४९ नावे कोरली आहेत, त्यांतली २२ नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात. हा प्रत्यय म्हणजे आमच्या पूर्वाश्रमीच्या महार पूर्वजांची सहीच. ज्या काळात आपल्या बापजाद्यांची सावलीही पेशवाईत चालत नव्हती, त्या काळात त्यांची नावे एका परक्या व्यापारी कंपनीने दगडावर, पुढच्या पिढ्यांना वाचता येतील अशी कोरली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले ते उगीच नव्हे. त्या स्तंभाचे खरे मोल लढाई कोणी जिंकली यात जेवढे आहे, तेवढेच, आमच्या मते थोडे अधिकच, त्या २२ नावांत आहे. ज्यांना गावात हाक मारायलाही नाव घेतले जात नव्हते, त्यांचे नाव दगडावर आले!

पण पुढचा इतिहास आपण भराभर उरकतो. याच इंग्रजांनी गरज सरताच दार लावून घेतले. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना 'लढवय्या जाती' नावाचे थोतांड सैन्यात रुजले. पंजाबी, पठाण, गुरखे हे जन्मजात लढवय्ये आणि बाकीचे नालायक, असा हा सिद्धांत. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. दापोलीचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडे दाद मागितली. दार उघडले नाही. पहिले महायुद्ध पेटले, माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ च्या जूनमध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, १९२० साली ती दुसऱ्या पलटणीत विलीन केली आणि मार्च १९२१ मध्ये मोडून टाकली. चार वर्षांचा खेळ! ज्यांनी खांद्यावर बंदूक घेतली होती ते गावी परतले आणि त्यांच्यापुढे पुन्हा मेलेले ढोर आणि येसकराची काठी आली. याच माजी सैनिकांच्या जोरावर पुढे महाडच्या काळात समता सैनिक दल उभे राहिले, हे चळवळीच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. बाबासाहेब जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी रेटा लावला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या टोपीवर कोरेगावचाच स्तंभ होता.

हे सगळे आपल्याला ठाऊक आहे. जे ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून आपण बोलत नाही, ते यापुढे आहे.

लढवय्या जातींच्या सिद्धांताने ज्यांना बंदूक नाकारली, त्यांना युद्ध नाकारले नव्हते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून जी माणसे भरती झाली, त्यांचा सरकारी आकडा १४ लाखांच्या वर आहे. त्यांतले लढाऊ ८,७७,०६८ आणि बिनलढाऊ ५,६३,३६९. म्हणजे दर पाच माणसांत दोन माणसे बिनबंदुकीची. ही कोण? ओझी वाहणारे, खंदक खणणारे, रस्ते आणि रेल्वे टाकणारे, खेचरे हाकणारे, जखमींच्या डोल्या उचलणारे, पाणी भरणारे, कपडे धुणारे, स्वयंपाक करणारे, शौचकूप साफ करणारे. फौजेच्या भाषेत यांना 'फॉलोअर' म्हणत. मागून चालणारा, एवढाच त्याचा अर्थ. त्यातही पुन्हा वरच्या कामाचे आणि हलक्या कामाचे अशी फोड होती. पगार वेगळा, शिधा वेगळा, तंबू वेगळा. हे वाचल्यावर आमच्या वाचकाला कशाची आठवण होते ते आम्ही सांगत बसत नाही. गावकुसाबाहेरची वस्ती जहाजात घालून बसऱ्यापर्यंत नेली, एवढेच.

मेसोपोटेमियात तोफगोळा पडताना तो बंदूकवाला आणि घमेलेवाला असा भेद करीत नव्हता. कॉलरा आणि उष्माघात तर मुळीच करीत नव्हते. कूतच्या वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ ला जी फौज तुर्कांना शरण गेली, तिच्यात असे हजारो फॉलोअर होते. ते शिपायांइतकेच उपाशी राहिले, शिपायांबरोबरच वाळवंटातून चालवले गेले.

आणि मरणानंतर? इथे एका माणसाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याचे नाव सुखा. राहणार बरेली. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांसाठी इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात ब्रॉकनहर्स्ट या गावी लेडी हार्डिंग हॉस्पिटल उघडले होते. त्यात तो सफाई कामगार होता. १२ जानेवारी १९१५ ला तो तिथे वारला. वय तीस. हॉस्पिटलात हिंदू होते, पण त्यांनी त्याच्या प्रेताला अग्नी द्यायला नकार दिला, कारण तो अस्पृश्य. मुसलमानांच्या दफनभूमीत त्याला जागा मिळाली नाही, कारण तो मुसलमान नव्हता. सात समुद्र ओलांडले, राजासाठी राबून जीव गेला, तरी जात त्याच्या प्रेतावर बसून होती! शेवटी तिथल्या चर्चच्या धर्मगुरूने आपल्या आवारात जागा दिली. गावातल्या लोकांनी वर्गणी काढून त्याच्या डोक्याशी दगड उभा केला आणि त्यावर त्याचे नाव, त्याचा मोहल्ला, त्याचे शहर, तो काय काम करीत होता हे सगळे कोरले. तो धर्माने ख्रिस्ती नव्हता, पण दुसऱ्यांसाठी त्याने आयुष्य वेचले, असेही त्यावर लिहिले आहे. शंभरहून अधिक वर्षे झाली, दगड आजही आहे.

आम्ही ही गोष्ट अनेकदा तपासून पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी एकाच जागी थबकलो आहोत. त्या खेड्यातल्या लोकांनी 'तो सफाई कामगार होता' हे लपवले नाही. हॉस्पिटलातला साधा सेवक असे स्वच्छ लिहिले आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, दगड उभारला. आम्ही मात्र आमच्या पणजोबाच्या कागदावरचा तोच शब्द ऐकून मोबाईल खाली घेतो.

सुखाला नाव मिळाले, तो अपवाद. १९१७ साली ब्रिटिशांनी युद्ध समाधी आयोग नेमला तेव्हा त्याचे तत्त्वच असे होते की मृतांमध्ये हुद्दा, वंश, धर्म असा भेद करायचा नाही. युरोपात ते बऱ्यापैकी पाळले गेले. फ्रान्समध्ये न्यू शापेलला १९२७ साली हिंदी सैनिकांचे जे स्मारक उघडले त्यावर साध्या शिपायांचीही नावे आहेत. पण युरोपची वेस ओलांडली की तत्त्व बदलले. १९२९ साली बसऱ्याला भव्य स्मारक उभे राहिले. त्यावर इंग्रज सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, आणि हिंदी शिपायांच्या जागी पलटणीच्या नावाखाली आकडा टाकला, इतके इतके आणखी. ज्या साम्राज्याच्या पूर्वज कंपनीला १८२१ साली २२ महारांची नावे दगडावर मावली, त्या साम्राज्याला १९२९ साली शिपायाच्या नावापुरती जागा उरली नव्हती!

हा आमचा आरोप नाही. त्या आयोगानेच आता आपला दोष मान्य केला आहे. एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या विशेष समितीचा अहवाल आला. सुमारे ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने केले गेले, आणि आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांचे नावाने, किंवा मुळीच, स्मरण केले गेले नाही, असे तो अहवाल सांगतो. यात पूर्व आफ्रिका, पश्चिम आफ्रिका, इजिप्त इथली माणसे आहेत आणि आपली हिंदुस्थानची आहेत. ब्रिटिश संसदेत संरक्षणमंत्र्याने माफी मागितली. माफी हा शब्द वाचून आम्हाला समाधान वाटले नाही, वकिलाला कबुलीजबाबापेक्षा त्यानंतरच्या अंमलबजावणीत रस असतो. आता जगभरातून ती हरवलेली नावे शोधणे चालले आहे. पंजाबातील सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची नोंद असलेली जुनी रजिस्टरे लाहोरच्या म्युझियममध्ये पडून होती. विलायतेतल्या पंजाबी मंडळींनी पाठपुरावा केला, आणि २०२१ साली त्यांतली पहिली नावे गावाच्या नावासह संगणकावर आली. आता त्यांची नातवंडे-पतवंडे गाव टाकून पणजोबा शोधतात. आणि आपण? आपली नावे कोण शोधणार? ज्यांनी १११ वी पलटण मोडली ते शोधतील, की ज्यांनी सुखाला अग्नी दिला नाही ते?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप बाहेरचा आणि जुना आहे. तुमचे पूर्वज इंग्रजांचे पोटभरू नोकर होते, त्यांची कसली मानवंदना? याला बाबासाहेबांनी १९२७ सालीच उत्तर दिले आहे. धनंजय कीरांच्या चरित्रात त्या दिवशीच्या भाषणाचा गोषवारा आहे. इंग्रजांच्या बाजूने लढणे ही काही मोठी अभिमानाची गोष्ट नव्हे, हे बाबासाहेबांनी स्वतःच म्हटले, आणि लगेच विचारले की ज्यांना आपल्याच लोकांनी कुत्र्या-मांजराहून हीन वागवले त्यांनी दुसरे काय करायला हवे होते? किती प्रामाणिक उत्तर आहे हे! साम्राज्याला सलाम नाही, आणि पूर्वजाला नाकारणेही नाही. आम्ही या आक्षेपावर अधिक शाई खर्च करीत नाही. ज्यांच्या घरातले मामलेदार आणि कारकून त्याच इंग्रजाच्या कचेरीत बसले, त्यांनी आमच्या शिपायाची उलटतपासणी घेऊ नये.

दुसरा आक्षेप घरचा आहे आणि तो अवघड आहे. कोरेगावचा हा प्रसंग आम्ही एका ज्येष्ठ कार्यकर्त्याला सांगितला. सारे आयुष्य चळवळीत घालवलेला माणूस, आमच्या मनात त्यांच्याबद्दल आदरच आहे. ते म्हणाले, "साहेब, हे लिहू नका. आपण लढवय्ये आहोत हे सांगून पोरांची मान वर केली, आता तुम्ही झाडू दाखवता. विरोधक टपूनच बसलेत." त्यांची कळकळ आम्हाला समजते. झाडू ही आपल्यावर जन्माने लादलेली गोष्ट आहे, तिचे उदात्तीकरण करणे म्हणजे गांधीजींच्या वाटेने जाणे, आणि ती आपली वाट नव्हे. भंगीकामाला पवित्र सेवा म्हणून त्यातच ठेवणाऱ्यांना बाबासाहेबांनी आयुष्यभर विरोध केला. तेव्हा कामाचा गौरव आम्हाला करायचा नाही. ते काम जातीमुळे त्याच्या माथी मारले होते आणि त्या अन्यायाची नोंद म्हणूनच ते लिहिले गेले पाहिजे. गौरव त्या माणसाचा करायचा आहे.

पण त्यांच्या म्हणण्यातला दुसरा भाग आम्हाला मान्य नाही. लढवय्ये होतो म्हणून माणूस ठरलो, असे म्हणणे म्हणजे लॉर्ड रॉबर्ट्सच्या सिद्धांतावर आपणच अंगठा उठवणे. काही जाती जन्मतः शूर आणि काही जन्मतः हलक्या, हे चातुर्वर्ण्यच आहे, फक्त त्याने लाल डगला घातलेला आहे. या सिद्धांताने १८९२ साली आम्हाला बाहेर काढले. आज आम्ही आत आहोत असे म्हणून आनंद मानायचा, की तो सिद्धांतच खोटा म्हणायचा? आणि तसे पाहिले तर सुभेदार रामजीबाबा फौजेत काय करीत होते? हुद्दा सुभेदाराचा होता, पण चौदा वर्षे ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. या चळवळीला त्यांनी जे दिले ते फळ्यावरून दिले. खुद्द बाबासाहेब महायुद्धाच्या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, आणि डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडच्या कोळसा खाणींत उतरून त्यांनी खाणमजूर कसा राबतो, कसा राहतो ते पाहिले. कोळसा काढणाऱ्या हातांशिवाय युद्ध चालत नाही हे त्यांना माहीत होते.

आता थोडे आमच्या घरातले. आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले होते. गावात त्यांना शेवटपर्यंत 'बसरेवाले' म्हणत. पलटणीत होते, एवढेच घरात सांगितले जाई. त्यांचे एक पदक होते. १९७२ च्या दुष्काळात घरात दाणा राहिला नाही तेव्हा आमच्या आजोबांनी ते पदक चांदीचे म्हणून तालुक्याच्या सराफाकडे नेले. सराफाने ते दगडावर घासले आणि चांदी नाही म्हणून परत दिले. आजोबांना वाटले इंग्रजांनी फसवले. आजी तर पुढे कित्येक वर्षे इंग्रजांना त्यावरून शिव्या देत असे.

वकील झाल्यावर बऱ्याच वर्षांनी आम्हाला उलगडा झाला. पहिल्या महायुद्धाचे ते पदक लढणाऱ्यांना चांदीचे दिले गेले, आणि मजूर पलटणींतल्या माणसांना तेच पदक, तोच राजाचा मुखवटा, तोच घोडेस्वार, पण कांस्याचे. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरे असतात, ती आम्ही भिंगाखाली वाचली. एक नंबर, मग 'कुली' हा शब्द, मग नाव. पलटणीचे नाव अर्धे झिजलेले. बापाचे नाव नाही, गाव नाही. त्या नावाची माणसे आमच्या एका तालुक्यात पन्नास निघतील.

म्हणजे पणजोबा काय होते ते आमच्या घराला १९७२ साली सराफाच्या दुकानात कळले होते, फक्त ते काय कळले हे समजायला आम्हाला एक पिढी लागली. आम्ही ते समजल्यावर चार-सहा महिने घरात कोणाला सांगितले नाही. कोरेगावच्या त्या पोराला दोष देत नाही असे वर म्हटले, ते यासाठी.

नावाचा प्रश्न भावनेचा आहे तसा कायद्याचाही आहे. दुसऱ्या महायुद्धातील माजी सैनिकांच्या विधवांना राज्य शासनाकडून मिळणाऱ्या मासिक अनुदानाचे काही अर्ज आम्ही वकिलीच्या सुरुवातीच्या काळात केले. फौजेच्या कागदावर माणसाचे नाव, बापाचे नाव आणि आडनावाच्या जागी जात. मतदार यादीत पुढे घेतलेले आडनाव. इंग्रजी स्पेलिंग साहेबाच्या कानाला जसे ऐकू आले तसे. लग्नाची नोंद कुठेच नाही. एका म्हाताऱ्या आईला एका कचेरीने 'हा तोच माणूस कशावरून' असे विचारून दोन वर्षे फिरवले. गावातल्या दोन वृद्धांची प्रतिज्ञापत्रे घातली, त्यांतले एक सुनावणीच्या आधी वारले. मंजुरीचे पत्र आले तेव्हा आईही राहिली नव्हती. तिचे दोष म्हणून काही नव्हते. नवऱ्याचे नाव एकाच प्रकारे कुठे लिहिलेले नव्हते, एवढेच. आणि त्या माऊलीने युद्धाच्या काळात तीन लेकरे आणि गावकीचे काम एकटीने सांभाळले, त्याची तर कोणत्याच कागदावर ओळ नाही. युद्धात तीही होती.

म्हणून गेल्या वर्षावासात आमच्या विहारात आम्ही एक साधी वही सुरू केली. ग्रंथवाचन झाल्यावर अर्धा तास. ज्यांच्या घरात कोणी फौजेत होते त्यांनी कागद, पदक, फोटो, मनीऑर्डरची पावती, जे असेल ते आणायचे. वहीत रकाने केले: पूर्ण नाव, बापाचे व आईचे नाव, बायकोचे नाव, गाव, कोणती पलटण, कुठे होते, काय काम, परत आले की नाही. कागद मूळ मालकाकडेच राहतो, आम्ही फक्त फोटो काढून घेतो. पहिल्या आठवड्यात कोणी आले नाही. मग एका बाईंनी ट्रंकेच्या तळाला घातलेला कागद आणला, तो पोस्टाचा निघाला. पुढे दहा-बारा घरे आली. 'काय काम' या रकान्यावर बरेच जण थांबतात. कोणी 'मिलिटरीत' एवढेच सांगतात. आम्ही जोर करत नाही, रकाना रिकामा ठेवतो. नंतर कधीतरी एकटे गाठून सांगतात.

गावोगावच्या विहारांनी हे केले तर त्याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. वाळवी कोणाची वाट पाहत नाही आणि ज्यांना नाती सांगता येतात ती माणसे आता ऐंशी-नव्वदीत आहेत. जी माणसे युद्धात वारली आणि कोणत्याही यादीत नाहीत, त्यांची कागदपत्रे युद्ध समाधी आयोगाकडे पाठवता येतात. अर्ज इंग्रजीत करावा लागतो, तो लिहून द्यायला आमच्यासारखे वकील आणि शिक्षक प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांनी फी मागू नये. आणि येत्या १ जानेवारीला आपापल्या गावाहून निघण्याआधी विहारात ही नावे एकदा मोठ्याने वाचावीत. शिपायाचे, डोलीवाल्याचे, भिस्त्याचे, स्वीपरचे, वहीत ज्या क्रमाने आली त्या क्रमाने.

गेल्या महिन्यात त्या कोरेगावच्या बाबांच्या नातवाचा फोन आला. आमचा नंबर त्याने त्या दिवशीच्या सभेच्या आयोजकांकडून मिळवला होता. कागद लॅमिनेट करून घेऊ का, असे विचारत होता. आम्ही म्हटले, अजिबात नको, जुना कागद त्या उष्णतेने जातो. आधी स्कॅन कर आणि मूळ कागद घडी न घालता साध्या फाईलमध्ये ठेव. मग तो थोडा घुटमळला. पणजोबांचा फोटो मोठा करून फ्रेम करायला दिला आहे, खाली काय लिहू? आम्ही म्हटले, कागदात आहे तेच लिही. त्याने पेन आणायला सांगितले असावे, कारण फोनवर थोडी खुडबुड ऐकू आली. मग म्हणाला, "हां साहेब, सांगा. आधी नाव, मग गाव, मग काम. बर्मा शेवटी लिहू की आधी?"